‘ही सेड’ लिहिल्यावर पुढे ‘इज’ की ‘वॉज’? दरवेळी अडणाऱ्या जागेची उकल

इंग्रजीत ईमेल, अहवाल किंवा प्रबंध लिहिताना मराठी माणसाचा हात एका ठरावीक जागी थबकतो. ‘ही सेड दॅट’ किंवा ‘शी टोल्ड मी दॅट’ इथपर्यंत वाक्य सुरळीत येतं आणि मग कर्सर नुसता लुकलुकत राहतो. ‘द फाइल इज रेडी’ लिहावं की ‘द फाइल वॉज रेडी’? ‘इज’ लिहिलं तर शाळेतला डायरेक्ट-इनडायरेक्टचा नियम मोडल्यासारखा वाटतो. ‘वॉज’ लिहिलं तर धास्ती वाटते, की वाचणारा म्हणेल, म्हणजे आता तयार नाही का? शेवटी अंदाजाने काहीतरी लिहून आपण पुढे जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा अडतो.

इतरांचं इंग्रजी तपासण्याचं काम मी रोज करते. ही अडचण नवख्यांचीच असते असं अजिबात नाही. ज्यांचं बाकीचं इंग्रजी स्वच्छ आहे, त्यांच्याही लिखाणात ही गाठ तशीच राहिलेली दिसते. नियम ठाऊक नसतो म्हणून असं होत नाही. नियम पाठ असतो, पण तो कुठला प्रश्न सोडवण्यासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

या एका क्रियापदामुळे काय होऊ शकतं, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या एका सहकाऱ्याने वरिष्ठांना कळवलं, ‘द सप्लायर सेड दॅट द पार्ट्स आर रेडी.’ सप्लायरशी बोलणं झालं होतं सोमवारी, ईमेल गेला गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत ते सुटे भाग दुसऱ्याच ऑर्डरला गेले होते. वरिष्ठांनी ‘आर’ वाचलं आणि गाडी पाठवली. गाडी रिकामी परतली. सहकाऱ्याचं म्हणणं होतं, मी फक्त त्यांचं बोलणं पोचवलं. वरिष्ठांचं म्हणणं होतं, तुम्ही ‘आर’ लिहिलंत, म्हणजे आज तयार आहेत असंच मी समजणार. ‘वेअर’ असतं तर मी आधी फोन करून विचारलं असतं, असंही त्या म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होते. चूक त्या एका शब्दात होती.

या प्रसंगातच खरं उत्तर आहे. ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘थॉट’ यांसारखं क्रियापद भूतकाळात असेल, तर पुढच्या वाक्यांशातला भूतकाळ जवळजवळ कधीच चुकत नाही. तो फक्त इतकंच सांगतो, की त्या व्यक्तीने तेव्हा असं म्हटलं. तिथे वर्तमानकाळ वापरायची मुभा आहे, पण तो वापरला की तुम्ही आणखी एक गोष्ट सांगता: ते म्हणणं मी लिहितेय त्या क्षणीही लागू आहे. म्हणजे भूतकाळात तुम्ही निरोप्या असता आणि वर्तमानकाळात त्या निरोपाचा थोडा भार स्वतःच्या अंगावर घेता. म्हणून ‘इज’ की ‘वॉज’ असं अडलं, की स्वतःला एवढंच विचारायचं: हे आत्ताही तसंच आहे, असं मी माझ्या नावावर सांगू शकते का? उत्तर ‘हो’ असेल आणि तसं सांगणं कामाचं असेल, तर वर्तमानकाळ चालेल. उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर भूतकाळ.

आता हे आपल्यालाच इतकं का नडतं, ते पाहू.

मराठी काळ कुठून मोजते

‘तो म्हणाला, की तो आजारी आहे.’ या वाक्यातलं ‘आहे’ कुठल्या क्षणाचं? तो बोलला त्या क्षणाचं. आपण हे वाक्य महिन्याभराने सांगितलं, तोवर तो ठणठणीत बरा झाला, तरी मराठीत ‘आहे’च राहतं आणि कुणाला खटकत नाही. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ त्याच्या तोंडचा तसाच ठेवतात. पुष्कळदा सर्वनामही तसंच राहतं. ‘तो म्हणाला मी उद्या येतो’ हे ऐकून ‘मी’ म्हणजे सांगणारा की तो, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. ‘येतो म्हणाला’ एवढंही पुरतं.

इंग्रजीत मात्र घड्याळ बोलणाऱ्याच्या हातात नसतं, सांगणाऱ्याच्या हातात असतं. सांगणारा आज उभा आहे, बोलणं काल झालं, म्हणून बोलण्याबरोबर बोलण्यातली गोष्टही कालच्या बाजूला सरकते. ‘आय ॲम इल’ हे सांगताना ‘ही सेड ही वॉज इल’ होतं. या सरकण्याला इंग्रजी व्याकरणात बॅकशिफ्ट म्हणतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांच्या लिखाणात हा शब्द आला आणि पुढे तोच रुळला. सगळ्या भाषा असं करत नाहीत. रशियन आणि जपानी या बाबतीत मराठीच्या बाजूला आहेत, म्हणजे त्याही बोलणाऱ्याचाच काळ ठेवतात. त्यामुळे ‘ही सेड ही इज इल’ असं आपल्या हातून लिहिलं जातं, तेव्हा तो ढिलेपणा नसतो. मराठीचा नियम आपण इंग्रजीत चोख पाळलेला असतो.

आणखी एक पेच इथेच आहे. मराठीत ‘तो म्हणाला, की तो आजारी होता’ म्हटलं तर आपण समजतो, की बोलायच्या आधी कधीतरी आजारी होता आणि बोलला तेव्हा बरा होता. इंग्रजीतल्या ‘ही सेड ही वॉज इल’चा पहिला अर्थ तसा नाही. त्याचा सरळ अर्थ ‘बोलला तेव्हा आजारी होता’ असाच लागतो. म्हणून शब्दाला शब्द लावला की एक पायरी चुकते. मराठी मनात ‘आहे’ आलं तर इंग्रजीत ‘वॉज’, मराठी मनात ‘होता’ आलं तर इंग्रजीत ‘हॅड बीन’, आणि मराठी मनात ‘येईल’ किंवा ‘येणार आहे’ आलं तर ‘वुड कम’. मनातल्या मराठी वाक्यापासून एक पायरी मागे, एवढं धरलं तरी निम्म्याहून जास्त वाक्यं सुटतात.

‘वॉज’ म्हणजे ‘आता नाही’ असं वाटणार नाही का?

ही धास्ती मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येते आणि ती मराठी कानाची आहे. इंग्रजी कानाला ‘सेड’च्या मागोमाग आलेल्या ‘वॉज’मध्ये ‘आता नाही’ असं काहीही ऐकू येत नाही. याचा उत्तम पुरावा म्हणजे एक अगदी रोजचा प्रश्न. कुणाचं नाव नीट ऐकू आलं नाही, तर इंग्रजी बोलणारा विचारतो, ‘व्हॉट डिड यू से युअर नेम वॉज?’ समोरच्याचं नाव काही दोन मिनिटांत बदललेलं नसतं. ‘डिड यू से’ भूतकाळात आहे, म्हणून ‘वॉज’ त्याच्या पाठोपाठ आलं. तो ‘वॉज’ नावाबद्दल काही सांगत नाही, फक्त ‘डिड’शी जोडी जमवतो.

तसंच ‘शी टोल्ड मी शी लिव्ह्ड नियरबाय’. ती अजून जवळच राहते का? हे वाक्य त्यावर गप्प आहे. राहत असेल, नसेलही. वाचणाऱ्याला ते कळायलाच हवं असेल, तरच ‘लिव्हज’ लिहायचं. ती तिथे राहत नाही हे ठामपणे सांगायचं असेल, तर नुसता भूतकाळ पुरत नाही. तिथे ‘बट शी हॅज मूव्ह्ड सिन्स’ असं काहीतरी जोडावं लागतं.

एवढं उमगलं की मनावरचा ताण बराच उतरतो. भूतकाळ लिहून आपण कुणाची दिशाभूल करत नाही.

‘मला वाटलं तू येणार नाहीस’

सगळ्यांत जास्त चुका ‘सेड’नंतर होत नाहीत. त्या ‘थॉट’ आणि ‘न्यू’नंतर होतात, कारण तिथे आपण कुणाचं बोलणं सांगतोय असं वाटतच नाही. पण स्वतःच्या मनातलं सांगणं हेही एक सांगणंच.

‘मला वाटलं तू येणार नाहीस’ हे दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो. इंग्रजीत हात लगेच ‘आय थॉट यू आर नॉट कमिंग’ लिहितो. हे वाक्य इंग्रजीत उभंच राहत नाही. समोरचा आलेला आहे, म्हणजे आपलं वाटणं खोटं ठरलं आहे, आणि खोट्या ठरलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ लावला की वाक्य स्वतःलाच काटतं. ‘आय थॉट यू वेअर नॉट कमिंग’ हेच बरोबर. ‘मला वाटलं आज सुट्टी आहे’ याचंही तसंच: ‘आय थॉट टुडे वॉज अ हॉलिडे.’ ‘टुडे’च्या शेजारी ‘वॉज’ पाहून सुरुवातीला डोळ्याला खुपतं. खुपू द्या, ते बरोबर आहे.

‘न्यू’ची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण जे कळतं ते खरं असतं. ‘मला माहीत नव्हतं तुम्हीही इथे काम करता.’ समोरची व्यक्ती आजही तिथेच काम करते, तरी इंग्रजीत स्वाभाविक वाक्य होतं ‘आय डिडन्ट नो यू वर्क्ड हिअर टू.’ ‘यू वर्क हिअर’ बोलण्यात ऐकू येतं आणि त्याला चूक म्हणता येणार नाही, पण लिहिताना ‘वर्क्ड’ जास्त सहज बसतं. आपलं ‘माहीत नसणं’ आत्ताच संपलं, म्हणून सगळं वाक्य त्याच्याबरोबर मागे गेलं. ‘होप्ड’, ‘फेल्ट’, ‘रिअलाइज्ड’, ‘फरगॉट’ या शब्दांनंतर हीच खबरदारी घ्यायची. ईमेलमध्ये ‘थॉट’ शोधा आणि त्याच्या उजवीकडचं क्रियापद पाहा. माझ्या अनुभवात ही एकच झडती सर्वांत जास्त चुका बाहेर काढते.

‘विल’ आणि ‘वुड’: इथे घड्याळ बघायचं

भविष्यकाळाचं उत्तर त्यामानाने सोपं आहे, कारण घड्याळच निकाल देतं. ‘ती म्हणाली पाचला फोन करेन.’ आत्ता साडेतीन वाजले असतील आणि तिचा बेत कायम असेल, तर ‘शी सेड शी विल कॉल ॲट फाइव्ह’ चालतं. ‘वुड’ही चालतं. साडेपाच वाजले की ‘विल’ गेलंच, फक्त ‘वुड’ उरतं. फोन आला की नाही, हे ‘वुड’ सांगत नाही.

म्हणून ‘तो म्हणाला येईन, पण आला नाही’ या वाक्यात ‘विल’ कधीच बसत नाही. ‘ही सेड ही विल कम बट ही डिडन्ट कम’ हे वाक्य मी इतक्या वेळा सुधारलं आहे, की ते दिसायच्या आधी त्याची चाहूल लागते. बरोबर वाक्य: ‘ही सेड ही वुड कम, बट ही डिडन्ट.’

यात एक खाच आहे आणि चांगले लिहिणारेही तिच्यात अडकतात. ‘पोचलो की फोन करतो, असं तो म्हणाला.’ इथे ‘ही सेड ही वुड कॉल व्हेन ही रीचेस’ लिहिलं जातं. ‘वुड’पाशी लक्ष होतं, पण ‘व्हेन’च्या मागचं क्रियापद मागे सरकायचं राहून गेलं. ‘व्हेन ही रीच्ड’ हवं. फोन अजून यायचाच असेल तर दोन्ही वर्तमानाच्या बाजूला ठेवता येतात: ‘विल कॉल व्हेन ही रीचेस’. एक इकडे, एक तिकडे असं मात्र करू नये. ‘इफ’, ‘अन्टिल’, ‘ॲज सून ॲज’ यांनाही हेच लागू.

‘कॅन’चं ‘कुड’ आणि ‘मे’चं ‘माइट’ याच धर्तीवर होतं. ‘शुड’, ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ आधीपासून असतील तर ते जागचे हलत नाहीत. ‘मस्ट’ बंधनाच्या अर्थाने असेल तर ‘हॅड टू’ करता येतं, आणि तर्काच्या अर्थाने, म्हणजे ‘असणारच’ अशा अर्थाने असेल, तर ‘मस्ट’च ठेवायचं.

‘युनिव्हर्सल ट्रूथ’ नावाची पळवाट

शाळेत आपल्याला सांगतात, की एरवी काळ बदला, पण त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ तसाच ठेवा. उदाहरण ठरलेलं असतं: पृथ्वी सूर्याभोवती फिरते. नियम खोटा नाही, पण त्याने दोन गैरसमज होतात. एक, अशा वाक्यात भूतकाळ चूकच आहे. तसं नाही. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ वॉज राऊंड’ हेही व्याकरणात बसतं, वर्तमानकाळ फक्त जास्त शोभतो. दुसरा, वर्तमानकाळाला फक्त त्रिकालाबाधित सत्यच लागतं. तसंही नाही. ‘शी सेड द मीटिंग इज ॲट फोर’ यात सत्य आजच्या संध्याकाळपुरतंच आहे, तरी ‘इज’ अगदी रास्त आहे, कारण मीटिंग अजून व्हायची आहे.

या बाबतीत मला प्लूटोचं उदाहरण फार उपयोगी वाटतं. १९३० साली प्लूटोचा शोध लागला आणि पुढे पंचाहत्तरेक वर्षं तो नववा ग्रह म्हणून शिकवला गेला. २००० साली एखादा विद्यार्थी घरी येऊन ‘द टीचर सेड दॅट प्लूटो इज द नाइन्थ प्लॅनेट’ म्हणाला असता, तर पुस्तकी नियमाने त्याला पूर्ण गुण मिळाले असते. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. शिक्षकांचं वाक्य तेच, त्यांनी ते म्हटल्याचा दिवस तोच. तरी आज ते सांगायचं तर ‘प्लूटो वॉज द नाइन्थ प्लॅनेट’ असंच लिहावं लागतं. बदललं काय? सांगणाऱ्याचा ‘आज’ बदलला. वर्तमानकाळ बोलणाऱ्याच्या सत्यावर चालत नाही, तो सांगणाऱ्याच्या आजच्या सत्यावर चालतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याच कारणाने दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीबद्दल लिहिताना ‘टॉलेमी बिलीव्ह्ड दॅट द सन वेन्ट अराऊंड द अर्थ’ असं भूतकाळातच लिहावं लागतं, आणि १५४३ साली आपला सिद्धांत प्रसिद्ध करणाऱ्या कोपर्निकसबद्दल ‘आर्ग्यूड दॅट द अर्थ गोज अराऊंड द सन’ असं वर्तमानात लिहिता येतं. लिहिणाऱ्याने कुणाची बाजू घेतली, ते क्रियापदावरूनच दिसतं.

इथे वर्तमानकाळच हवा

सांगणारं क्रियापदच वर्तमानात असेल, तर मागे सरकायचं कारणच उरत नाही. ‘ही सेज द रोड इज क्लोज्ड’, ‘शी हॅज टोल्ड अस दॅट द रिझल्ट इज आऊट’. ‘हॅज टोल्ड’ हा प्रेझेंट परफेक्ट आहे. त्यातली ‘टोल्ड’ पाहून पुष्कळजण फसतात आणि पुढे ‘वॉज’ करतात. ‘हॅज’कडे पाहायचं.

दुसरी जागा धोक्याच्या सूचनेची. ‘द इलेक्ट्रिशियन सेड द वायर इज लाइव्ह. डोन्ट टच इट.’ व्याकरणाने ‘वॉज’ही चालेल, पण वाचणाऱ्याच्या हातात पक्कड आहे आणि त्याला आत्ताची स्थिती कळायला हवी. अशा वेळी भूतकाळ अर्धवट माहिती देतो. औषध कसं घ्यायचं, रस्ता बंद आहे, मुदत अजून संपलेली नाही, अशा सगळ्या निरोपांत मी न विचारता वर्तमानकाळ ठेवते, पण एक खात्री करून: माहिती ताजी आहे ना.

‘हॅड’चा अतिरेक

परीक्षेतला नियम सांगतो, की साधा भूतकाळ असेल तर त्याचा पास्ट परफेक्ट करा. परीक्षेत जरूर करा, तिथे तपासणारा तेच पाहतो. प्रत्यक्ष लिखाणात मात्र प्रत्येक ठिकाणी ‘हॅड’ घातला की मजकूर जड होतो. ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन १९९०’ हे स्वाभाविक आहे, ‘हॅड बीन बॉर्न’ची गरज नाही. साल आहे, क्रम उघड आहे. ‘हॅड’ची खरी गरज तिथे, जिथे त्याच्याशिवाय अर्थ बदलतो. ‘ही सेड ही वॉज इल’ आणि ‘ही सेड ही हॅड बीन इल’ यांत एक बोलतानाच आजारी आहे, दुसरा आजारातून उठून बोलतोय. ‘ही सेड ही लेफ्ट ॲट फाइव्ह’ यात घोळ होण्यासारखं काही नाही, म्हणून ‘हॅड’ ऐच्छिक.

संशोधन लिहिणाऱ्यांसाठी

प्रबंध लिहिणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. तिथे ‘सेड’ऐवजी ‘फाऊंड’, ‘शोड’, ‘सजेस्टेड’, ‘आर्ग्यूड’ येतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत आधीच्या संशोधनाचा आढावा घेताना सांगणारं क्रियापद साध्या भूतकाळात किंवा प्रेझेंट परफेक्टमध्ये ठेवतात. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीत साहित्यकृतीबद्दल लिहिताना वर्तमानकाळ चालतो. हे खुद्द ‘फाऊंड’बद्दल झालं. उजवीकडे काय लिहायचं, हे शैलीपुस्तिका तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

अभ्यासात जे मोजलं गेलं, ते त्या लोकांबद्दलचं, त्या दिवसांतलं असेल, तर भूतकाळ: ‘द स्टडी फाऊंड दॅट द पार्टिसिपंट्स स्लेप्ट लेस ड्यूरिंग एक्झाम्स.’ त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वांना लागू होतो असं तुम्हालाही पटलं असेल, तर वर्तमान: ‘द स्टडी फाऊंड दॅट स्ट्रेस रिड्यूसेस स्लीप.’ या दुसऱ्या वाक्यात तुम्ही त्या संशोधकाच्या शेजारी जाऊन उभे राहता. तुमचा पुढचा परिच्छेद त्याच निष्कर्षाला आव्हान देणारा असेल, तर इथे ‘रिड्यूस्ड’ लिहा, नाहीतर आधी मान्य करून मग नाकारल्यासारखं होतं. मार्गदर्शक ‘टेन्स तपासा’ एवढाच शेरा मारतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना हेच खटकलेलं असतं.

व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर इथे विसंबू नका. वाक्य दोन्ही काळांत शुद्ध असतं, आणि सुटे भाग आज तयार आहेत की नाहीत हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं.

इतिवृत्त आणि लांबलेला वृत्तान्त

मीटिंगचं इतिवृत्त लिहिताना सगळं भूतकाळात ठेवणं सर्वांत सुरक्षित. ते सहा महिन्यांनी कुणी उघडलं, तर त्यातलं प्रत्येक ‘इज’ शिळं झालेलं असतं. एक अडचण मात्र येते. पहिल्या वाक्यात ‘द चेअर सेड’ असतं आणि पुढच्या तीन वाक्यांत नसतं. ती वाक्यंही अध्यक्षांचीच असतील, तर भूतकाळ पुढे चालू ठेवायचा: ‘द चेअर सेड द ब्रिज वॉज अनसेफ. इट वुड बी क्लोज्ड फॉर रिपेअर्स.’ दुसऱ्या वाक्यात ‘इट विल बी क्लोज्ड’ केलंत, की ते अध्यक्षांचं म्हणणं न राहता तुमचं विधान होतं. वाचणारा काळ बदललेला पाहतो आणि बोलणारा बदलला असं समजतो. वृत्तान्तात कोण बोलतंय हे अवतरण चिन्हांशिवाय टिकवायचं असेल, तर काळाची ही दोरी हातातून सुटू द्यायची नाही.

‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’ हे बदल अर्थ पाहून करायचे. दिवस तोच असेल तर ‘टुडे’ तसंच राहतं.

शेवटी एक खराखुरा मजकूर दुरुस्त करून पाहू. हा ईमेल माझ्याकडे दुपारी तपासायला आला होता, सर्व्हर तेव्हा सुरू झालेला होता: ‘द मॅनेजर सेड दॅट द सर्व्हर इज डाऊन सिन्स मॉर्निंग. ही टोल्ड दॅट ही विल इन्फॉर्म अस व्हेन इट स्टार्ट्स. आय आस्क्ड हिम दॅट व्हाय आर वी नॉट युझिंग द बॅकअप. ही सेड दॅट आय डोन्ट नो.’

पहिल्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. ‘सिन्स’ आलं की ‘इज’ तसंही चालत नाही, ‘हॅज बीन’ लागतं. त्यात सर्व्हर आता सुरू आहे, म्हणून तेही मागे सरकून ‘हॅड बीन डाऊन सिन्स द मॉर्निंग’ होतं. सर्व्हर अजून बंद असता, तर मी ‘हॅज बीन’ ठेवलं असतं. दुसऱ्या वाक्यात ‘टोल्ड’ला कुणाला सांगितलं ते हवं, आणि ‘विल’ व ‘स्टार्ट्स’ दोन्ही एकदम मागे जायला हवेत: ‘ही टोल्ड अस ही वुड इन्फॉर्म अस व्हेन इट स्टार्टेड.’ तिसऱ्यात प्रश्न आहे. ‘आस्क्ड’नंतर ‘दॅट’ येत नाही, आणि प्रश्न सांगितला जातो तेव्हा त्याचा क्रम साध्या वाक्याचा होतो: ‘आय आस्क्ड हिम व्हाय वी वेअर नॉट युझिंग द बॅकअप.’

चौथ्या वाक्यात मराठी जशीच्या तशी उतरली आहे. ‘तो म्हणाला, मला माहीत नाही’ यात ‘मला’ मॅनेजरचं आहे हे आपण क्षणात ओळखतो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ईमेल लिहिणाऱ्यालाच काही माहीत नाही असं वाटतं. ‘ही सेड ही डझन्ट नो’ करून सर्वनाम सुटलं असतं, पण मॅनेजरला अजूनही कारण कळलेलं नाही असा अर्थ राहिला असता. मी लिहिणाऱ्याला विचारलं, ‘त्यांना नंतर कळलं का?’ ‘हो, तासाभराने त्यांनीच फोन करून सांगितलं,’ असं उत्तर आलं. मग लिहिलं, ‘ही सेड ही डिडन्ट नो’, आणि त्या फोनवर काय कळलं याचं पाचवं वाक्य त्याला जोडायला सांगितलं.